बिननंबरच्या किल्ल्या

आधी माफी मागतो. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. लिहिणं म्हणजे आमच्याकडे रेशनकार्डाचा नाहीतर जातीच्या दाखल्याचा अर्ज. आठवणी लिहाव्यात त्या मोठ्या माणसांनी, असंच मी समजत आलो. त्यातून मी लिहिणार आहे तेही कोणा मोठ्या माणसाबद्दल नाही, आइंडहोवन या डच शहरातल्या एका चौदा मजली इमारतीच्या केअरटेकरबद्दल. पण माफीचं खरं कारण वेगळं आहे. परीक्षेचे पेपर सोडले तर आयुष्यात एकदाच मी मनापासून दोन पानं लिहिली, आणि त्या दोन पानांमुळे या माणसाची नोकरी धोक्यात आली. त्यानंतर पुन्हा लिहायला बसणं हा आगाऊपणाच. पण मला राग येतो. वर्ष होत आलं तरी येतो. भाजी चिरताना येतो, सायकलला कुलूप लावताना येतो.

मी इथे मास्टर्सला आलो तेव्हा नवव्या मजल्यावर एक खोली मिळाली. इमारत जुनी, पन्नासेक वर्षांपूर्वीची. प्रत्येक मजल्यावर लांबलचक उघडी गॅलरी आणि गॅलरीत एकासारखी एक दारं. आमच्याकडे दार म्हणजे कडी. बाहेर पडताना आपण कडी लावायची, आपण कुलूप घालायचं. दार आपल्या मनाने काही करत नाही. इथलं दार नुसतं ओढलं गेलं तरी बंद होतं आणि बाहेरच्या बाजूला फिरवायला मूठच नसते. भारतातून आलेला प्रत्येकजण हे एकदा शिकतो. मी चौथ्या दिवशी शिकलो. बनियन आणि हाफ पँटवर कचऱ्याची पिशवी ठेवायला दोन पावलं बाहेर आलो, वारा आला, आणि खाटकन दार लागलं. फोन आत, किल्ली आत, चष्मासुद्धा आत.

शेजारच्या दारातून एक आजी बाहेर आल्या. ऐंशीच्या पुढच्या, काठी घेतलेल्या. इथे बाईंना मानाने 'मेव्राउ' म्हणतात, मीही तेच म्हणायचो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चौथ्या दिवशी," त्या म्हणाल्या. "तुझ्या आधीचा दुसऱ्याच दिवशी अडकला होता. तू हुशार दिसतोस."

"आता काय करू, मेव्राउ?"

"खाली हाउसमेस्टर बसतो. दहापर्यंतच असतो. पळ. आणि लिफ्टमध्ये कोणी बाई भेटली तर भिंतीकडे तोंड कर."

हाउसमेस्टर म्हणजे इमारतीचा केअरटेकर. तळमजल्यावर सायकलींच्या गोदामाला लागून त्यांची खोली होती. साठीच्या पुढचे, रुंद हाडाचे, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. मी काही बोलायच्या आतच ते उठले. "नववा मजला, निळी बॅग," म्हणाले. मी सामान घेऊन आलो तो दिवस त्यांच्या लक्षात होता.

त्यांनी भिंतीवरचं लोखंडी कपाट उघडलं. आत खुंट्यांवर तीसेक किल्ल्या टांगलेल्या. एकीलाही घराचा नंबर नव्हता. कुठे कोटाचं बटण बांधलेलं, कुठे बुचाचा तुकडा, कुठे लोकरीचा गोंडा, एकीला बाहुलीचा बूट. माझ्या घराच्या जादा किल्लीला बिअरच्या बाटलीचं झाकण होतं, आधीच्या भाडेकरूचं. ते वर आले, पण दार लगेच उघडलं नाही. आधी आजींच्या दारावर टकटक केली, त्यांना बाहेर उभं केलं, मग माझ्या दाराला किल्ली लावली. साक्षीदाराशिवाय ते कोणाचंही दार उघडत नसत, रिकाम्या घराचंही नाही.

दार उघडल्यावर म्हणाले, "आता मला तुझं काहीतरी दे. हे झाकण त्याचं आहे."

माझ्या बॅगेच्या बंदाला आईने निघताना लाल-पिवळा नाडा बांधला होता. त्याचा तुकडा तोडून दिला. त्यांनी झाकण काढून तो किल्लीला बांधला आणि खिशात टाकला.

ही त्यांची पद्धत होती. पुढे एकदा मी विचारलं की नंबर का नाही, निदान वहीत तरी का नाही. ते हसले. "प्रोफेसर," ते मला पहिल्या महिन्यापासून प्रोफेसर म्हणायचे, "नंबर लिहिला की किल्ली कोणालाही वापरता येते. वही ठेवली की वही चोरता येते. हे कपाट आज कोणी उपटून नेलं, तर त्याला बाहुलीचा बूट हातात धरून एकशे चाळीस दारं फिरावी लागतील. तोपर्यंत मी माझी कॉफी संपवून पोलिसांना फोन केलेला असेल."

माझे वडील एका शाळेत शिपाई आहेत. शाळेच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असतात, आणि कोणती कुठली हे ते अंधारात चाचपून सांगतात. त्याच शाळेत चाळीस मुलांच्या वर्गात मी बसलेला असताना ते सूचनेची वही घेऊन यायचे तेव्हा मी खाली मान घालायचो. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. वडिलांना त्यांच्या कामाबद्दल आजवर कोणी एक ओळ लिहून दिलेली नाही. तळमजल्यावरच्या खोलीत हाउसमेस्टरांसमोर उभा राहिलो की मला ते आठवायचं. म्हणून पुढे जे केलं ते केलं.

त्याच वर्षी आजींचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे त्या हॉस्पिटलात होत्या. घरात कुंड्या आणि पिंजऱ्यात दोन पक्षी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी हाउसमेस्टर सकाळी माझं दार वाजवायचे, "चल साक्षीदार," म्हणायचे. मी आजींच्या उंबऱ्याशी उभा, ते आत. पक्ष्यांना दाणे, झाडांना पाणी. टेबलावर आजींचे दागिने तसेच पडलेले असायचे, आणि ते टेबलाला वळसा घालून जायचे.

एकदा माझं त्यांच्याशी वाजलंही. मी विद्यापीठात होतो, लॅपटॉपचा चार्जर घरी राहिला. मित्राला पाठवलं आणि हाउसमेस्टरांना फोन केला, याला माझी किल्ली द्या. त्यांनी साफ नाही सांगितलं.

"अहो, मीच बोलतोय!"

"आवाज ऐकू येतोय. चेहरा दिसत नाही."

"माझं प्रेझेंटेशन आहे एक तासात."

"मग सायकल जोरात मार."

मी खूप चिडलो होतो. आठवडाभर त्यांना गुड मॉर्निंग केलं नाही.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाला इमारतीची मालक असलेल्या हाउसिंग कंपनीचं पत्र सगळ्यांच्या पेट्यांत पडलं. केअरटेकरच्या पदाचा आढावा घेत आहोत, सेवेबद्दलचा तुमचा अनुभव कळवा. लिफ्टमध्ये सगळे बोलायला लागले. काढणार बघ. दुसऱ्या इमारतीतल्याला असाच आढावा घेऊन काढला. अकराव्या मजल्यावरचा एक पुण्याचा आयटीवाला मला म्हणाला, "अरे, यांचं ठरलेलं असतं रे सगळं, उगाच फीडबॅकची नाटकं." बोलले सगळे, लिहिलं कोणीच नाही. मला वाटलं, मी लिहितो. आपण शिकलो कशाला?

चार संध्याकाळी बसून मी ते पत्र लिहिलं. विद्यापीठात शिकवलं होतं, मोघम विधान करू नका, उदाहरण द्या. मी उदाहरणं दिली. लिहिलं की हाउसमेस्टर आम्हा भाडेकरूंच्या तीस किल्ल्या सांभाळतात आणि वही न ठेवता कोणती कोणाची हे त्यांना पाठ आहे. लिहिलं की मी चौथ्या दिवशी अडकलो तेव्हा माझ्याकडे एकही कागद नव्हता, तरी त्यांनी मला चेहऱ्यावरून ओळखून दार उघडून दिलं. लिहिलं की माझ्या शेजारच्या आजी हॉस्पिटलात असताना आठवड्यातून दोनदा ते त्यांच्या घरात जाऊन पक्ष्यांना दाणे घालायचे, आणि हे त्यांच्या कामात बसत नसताना, कोणी न सांगता. चार्जरची गोष्ट मी गाळली. ती वाचून ते आडमुठे वाटतील असं मला वाटलं. मशीनकडून डचमध्ये भाषांतर करून घेतलं, प्रत्येक वाक्य दोनदा तपासलं आणि पाठवलं. त्या रात्री घरी फोन करून वडिलांना सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, "चांगलं केलंस. असं कोणी करत नाही."

बारा दिवसांनी कंपनीची दोन माणसं आली आणि त्यांनी कपाटाला सील लावलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत हाउसमेस्टरांना कामावर यायला मनाई झाली. नोटीसबोर्डावर कारण लागलं: किल्ल्यांची नोंद न ठेवणे, ओळखपत्र न तपासता प्रवेश देणे, भाडेकरूच्या अनुपस्थितीत घरात जाणे. मी बोर्डासमोर उभा राहून वाचलं. एक, दोन, तीन. माझ्याच उदाहरणांचा क्रम होता.

नंतर कळलं की दाराची कुलपं बदलून इलेक्ट्रॉनिक टॅगवर उघडणारी बसवणार आहेत, आणि जुन्या किल्ल्या जमा करायच्या आहेत. कंपनीने हाउसमेस्टरांना यादी मागितली, कोणती किल्ली कुठल्या घराची. त्यांनी दिली नाही. म्हणाले, माणसाची किल्ली मी माणसाच्याच हातात देतो. शेवटी कंपनीने किल्ल्या परत करायला त्यांना तीन सकाळींची वेळ दिली. खालच्या हॉलमध्ये टेबलावर सील तोडलेलं कपाट आडवं ठेवलेलं, बाजूला कंपनीचा एक तरुण लॅपटॉप घेऊन बसलेला, आणि हाउसमेस्टर एकेकाकडे बघून किल्ली काढून देत होते. एकदाही चुकले नाहीत. तरुण प्रत्येक वेळी टिकमार्क करत होता, जणू श्रेय त्याचंच.

माझा नंबर आला. त्यांनी नाडा बांधलेली किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

"प्रोफेसर, कोणीतरी माझ्याबद्दल पत्र लिहिलंय. मुद्देसूद. परिच्छेद पाडून. तेवीस वर्षांत माझ्याबद्दल एवढं कोणी लिहिलं नव्हतं."

मी किल्ली खिशात टाकली.

"नाव काळं केलंय त्यांनी. पण मेव्राउंच्या पक्ष्यांचं वेळापत्रक माहीत असणारे या इमारतीत दोघेच आहेत, आणि मी तर लिहिलेलं नाही."

"मी... मला वाटलं..."

"पुढे सरक. रांग आहे."

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या ऑफिसात गेलो. काचेची खोली, समोर चाळिशीतली एक बाई, अत्यंत नम्र. मला कॉफी विचारली. साखर विचारली. मी सांगितलं की ते पत्र माझं आहे आणि मला ते परत घ्यायचं आहे.

"परत घेता येत नाही. ते फाइलला लागलंय."

"पण मी ते त्यांची स्तुती म्हणून लिहिलं होतं."

"हो, ते स्पष्टच होतं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच ते विश्वासार्ह आहे. तक्रार असती तर आम्ही दुसरी बाजू तपासली असती."

"एक तरी किल्ली हरवली का? एकाच्या तरी घरातून काही गेलं का?"

"प्रश्न काय झालं याचा नाही. काय होऊ शकलं असतं याचा आहे."

मी चार्जरची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, मान हलवली, आणि एक शब्द लिहून घेतला नाही. निघताना म्हणाल्या, "तुमच्या मोकळेपणाबद्दल आभारी आहोत. तुमच्यासारखे भाडेकरू कमी असतात." मला त्या कॉफीचा कप भिंतीवर फेकायचा होता. मी तो नीट ट्रेमध्ये ठेवला आणि थँक यू म्हणालो. त्या थँक यूचा राग मला अजून त्या बाईपेक्षा जास्त येतो.

फेब्रुवारीत टॅग सुरू झाले. किल्ल्यांऐवजी प्रत्येकाला थेंबाच्या आकाराचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे, आणि अडचण आली तर एक हेल्पलाइन. एका सकाळी मी घरी अभ्यास करत होतो तेव्हा गॅलरीत काठी आपटल्याचा आवाज आला. आजी पातळ स्वेटरवर बाहेर उभ्या होत्या, हातात पक्ष्यांच्या पिंजऱ्यातला ट्रे. कोंडा झटकायला बाहेर आल्या आणि दार लागलं. दोन्ही टॅग आत. मी त्यांना माझ्या खोलीत नेलं, ब्लँकेट पांघरलं आणि हेल्पलाइनला फोन लावला.

"तुम्ही भाडेकरू आहात का?"

"मी शेजारी आहे. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना..."

"त्यांच्या जिवाला धोका आहे का?"

"नाही, पण त्यांची औषधं आत आहेत."

"मग ही साधी श्रेणी. चार तासांत माणूस येईल."

आजी ब्लँकेटमधून ओरडल्या, "त्याला सांग, चार तासांत मी मेले तर श्रेणी बदलेन."

आम्ही बसलो. मी चहा केला, आलं घालून. त्यांनी तोंड वाकडं करून दोन कप घेतले. हाउसमेस्टर असते तर आपण आत्तापर्यंत घरात असतो, असं त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा मला राहवलं नाही. मी पत्राचं सगळं सांगून टाकलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे तू?"

"हो."

"चांगला माणूस आहे, एवढं लिहायचं. खाली सही. संपलं. दोन पानं कशाला?"

"उदाहरणं द्यावीत असं शिकवलंय."

"कोणी?"

"युनिव्हर्सिटीत."

"मग बोलव युनिव्हर्सिटीला. सांग दार उघडायला."

सव्वातीन तासांनी कंपनीचा माणूस आला. दार उघडायचं मशीन दाराला टेकवण्याआधी त्याने आजींकडे ओळखपत्र मागितलं.

"ते आत आहे," आजी म्हणाल्या.

"ओळखपत्राशिवाय मला उघडता येत नाही."

"आणि उघडल्याशिवाय मला ओळखपत्र देता येत नाही. आता?"

त्याने ऑफिसला फोन केला. ऑफिसने दुसऱ्या ऑफिसला. आजी काठीवर रेलून उभ्या, त्यांचे पाय निळसर पडलेले, आणि तो गॅलरीच्या कठड्याला टेकून होल्डवरचं संगीत ऐकत होता. मी पुढे होऊन म्हणालो, की ही बाई इथे एकतीस वर्षं राहते, मी सांगतो, पलीकडच्या दारात विचारा, खालच्यांना विचारा. तो म्हणाला, "तुमच्या सांगण्याला काही अर्थ नाही, सर." तेव्हा पहिल्यांदा मी या देशात मोठ्याने ओरडलो. मराठीत ओरडलो, आणि काय ओरडलो ते इथे छापण्यासारखं नाही. वीस मिनिटांनी परवानगी आली. दार अर्ध्या मिनिटात उघडलं.

त्या महिन्यात आजींच्या मुलीने ठरवून टाकलं की हे असं चालणार नाही, आणि एप्रिलमध्ये ती त्यांना लायडस्खेनडाम-फोरबर्गला स्वतःच्या घरी घेऊन गेली. हाउसमेस्टरांच्या चौकशीचं काय झालं ते कोणालाच माहीत नव्हतं. मी कंपनीला तीन ईमेल केले. तीनदा उत्तर आलं की वैयक्तिक बाबींवर माहिती देता येत नाही. माझ्या दोन पानांतली माहिती त्यांना चालली होती. त्यांच्याकडची एक ओळ मला मिळेना. हाउसमेस्टरांची खोली आता पार्सलं ठेवायला वापरतात. त्यांचा पत्ता मला माहीत नव्हता. तो मिळाला असता तरी मी दारात जाऊन उभा राहू शकलो असतो असं मला वाटत नाही.

जूनमध्ये, प्रबंधाच्या शेवटच्या आठवड्यात, आजींचा फोन आला.

"काल हाउसमेस्टर येऊन गेला," त्या म्हणाल्या. "बायकोला घेऊन. निकाल लागलाय."

"काय?"

"काढलं. पेन्शनला दीड वर्ष राहिलं होतं."

"माझ्या पत्रामुळे."

"मध्ये बोलू नकोस. ऐक. युनियनच्या माणसाने त्याला सांगितलं होतं की यांच्याकडे दुसरा पुरावाच नाही. किल्ली एकही कमी नाही, तक्रार एकाचीही नाही, आहे ते एका परदेशी मुलाचं मशीनने भाषांतर केलेलं पत्र. त्याने हाउसमेस्टरला पढवलं, चौकशीत तू एवढंच म्हण, की त्या मुलाला इथलं कळत नाही, त्याची गफलत झाली. मग प्रकरण उभं राहत नाही."

"मग?"

"मग काय. चौकशीत त्यांनी तुझं पत्र ओळीओळीने वाचलं आणि प्रत्येक ओळीला विचारलं, हे खरं आहे का. तो प्रत्येक ओळीला हो म्हणत गेला. युनियनचा माणूस चिडून बाहेर जाऊन उभा राहिला. मी काल हाउसमेस्टरला विचारलं, अरे गाढवा, एकदा नाही म्हणायला काय झालं होतं? तर म्हणतो, पोराने सगळं बरोबर लिहिलं होतं, मी त्याला खोटं कशाला पाडू."

मी समोरचा लॅपटॉप मिटला.

"आणि तुला हे सांगायचं नाही असं त्याने मला बजावलं होतं," आजी म्हणाल्या. "दोनदा."